कोपरा फाडलेलं कार्ड

फोडणीतली मोहरी उडून मनगटावर बसली आणि मी "मेलो!" असा टाहो फोडला. लेक हसली. "बाबा, राईचा पर्वत करू नकोस!" मला एकदम वाईला एकटी राहणारी आमची आत्या आठवली. या कलेत मी तिचाच वारस.

त्या काळी मृत्यू कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडायचे. आत्या लोणच्याला बुरशी आली तरी फाडायची. वडील दारातच देवाचं नाव घेत कार्ड वाचायचे आणि ओरडायचे, "मांजर हरवलंय म्हणे! ही एक दिवस माझा जीव घेणार!" आई तोंडाला पदर लावायची. एकट्या माणसाच्या राईसाठी कोण धावतं? त्याला पर्वतच उभा करावा लागतो, हे तेव्हा मला कुठं कळत होतं!

एकदा मात्र चारही कोपरे शाबूत असलेलं कार्ड आलं. "जरा कणकण आहे. सवडीनं ये."

"शहाणी झाली," वडील म्हणाले.

आई हसली नाही. "पिशवी भरा. आत्ताच निघायचं."

आत्या तापानं फणफणली होती. उठून पाणी घेण्याचंही त्राण नव्हतं. वडिलांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, तसे तिनं डोळे किलकिले केले.

"एवढं काय धावत आलास, दादा? राईचा पर्वत करतोस नुसता!"

ती बरी झाली. महिन्याभरानं तिचं कार्ड आलं, कोपरा फाडलेलं. वडिलांनी ते न वाचताच कपाळाला लावलं.