चाकाचं मूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. मास्तरांचा तर अख्खा जन्म शब्दांची मुळं शोधण्यातच गेला. आयुष्यभर त्यांनी प्राचीन हिब्रू शिकवली आणि निवृत्त झाल्यावर तिचा कोश करायला घेतला. व्याकरणातल्या धातूंवरून विद्यार्थी मागून त्यांना धातूमास्तर म्हणत, ते काही उगाच नाही.

कोशातली प्रत्येक नोंद ते आधी बायकोला वाचून दाखवत. बाईंना हिब्रूचं ओ की ठो कळत नसे. म्हणूनच त्यांना समजली की नोंद पक्की, असा मास्तरांचा न्याय. ज्याची खात्री नाही ते मात्र पेन्सिलीत राहायचं, कितीही वर्षं गेली तरी.

बाईंचं कमरेखालचं अंग लुळं पडून आता बरेच महिने झाले होते. दवाखान्यातून आलेली चाकांची खुर्ची कोठीच्या खोलीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली तशीच पडून होती. ती उघडायची म्हणजे बायको चालणार नाही हे कबूल करायचं, आणि तिथे मास्तर अडून बसले होते. रोज सकाळी ते बाईंना दोन टेबलांच्या कडांना धरून उभं करत आणि आज पायांत काही जाणवतंय का, ते विचारत. सगळा भार हातांवर येऊन त्यांचे खांदे भरून येत, पण बाई ओठ मिटून सोसायच्या.

त्या दुपारी कोशात चाक आलं. मास्तर पलंगाशी बसून वाचू लागले.

"गलगल. मूळ धातू गलल, म्हणजे गडगडत जाणं. त्यावरून रथाचं चाक, विहिरीवरचा रहाट. वावटळसुद्धा, आणि वाऱ्यापुढे लोळत पळणारं वाळकं काटेरी झुडूपही."

"समजलं. पुढे?"

"चाकाला दुसरा शब्द ओफान. इथे घोडं पेंड खातंय. फिरणं, वळणं अशा धातूवरून आला म्हणतात, पण पुरावा नाही. पेन्सिलीतच ठेवतो."

"ठेवा. पण ती खुर्ची काढा आता. मला रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचंय."

"अगं, पाय सुधारतायत तुझे. खुर्चीची सवय लागली की संपलं."

"अहो, पाय येणार नाहीत," बाई शांतपणे म्हणाल्या. "डॉक्टरांनी मला तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. तुम्ही औषधं आणायला गेला होतात."

मास्तरांना आधी डॉक्टरांचा राग आला, मग तिचा.

"मग रोज सकाळी एवढं सोसून उभी कशाला राहायचीस?"

"तुमची आशा मोडवेना."

आपण हिला बरं करतोय म्हणून मिरवत होतो आणि सांभाळत होती ती आपल्याला, या विचाराने मास्तरांना फार लाज वाटली. ते कोठीत गेले, प्लास्टिक फाडलं आणि खुर्ची पलंगाला लावली. बाईंना उचलून तिच्यात बसवलं. खाली वाकून बाईंचे दोन्ही पाय एकेक करून फळीवर ठेवले, आणि आज काही जाणवतंय का, हे विचारलं नाही.