हाताखाली न सरकणारा गोळा

निजामी जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. भूम तालुक्यातल्या एका खेड्यात मी नवाकोरा डॉक्टर म्हणून रुजू झालो, आणि शिकलेलं माझ्या अंगात मावत नव्हतं. गावात कुणाचं पोट दुखलं की माणसं आधी मशिदीमागच्या खालाकडं जात. सत्तरी ओलांडलेली, पाठीत वाकलेली, हाडं मोजून घ्यावीत अशी. तेलाचा हात फिरवून ती वायगोळा बसवायची. तिच्याकडून उरलेले पेशंट माझ्याकडं यायचे. मला ते झोंबायचं.

एके दिवशी सकाळी तीच पोट धरून माझ्या दारात आली. खोटं कशाला बोलू, मला आतून गंमतच वाटली. ताप नव्हता, डोळे पिवळे नव्हते. उजव्या बरगडीखाली काहीतरी टणक लागलं, पण ती आधी स्वतःच चोळून आली होती. म्हटलं, त्यानंच सुजलं असेल. वर तिला चिडवलंही, की दुसऱ्यांचे वायगोळे बसवता, आज तुमचाच उठला.

"वायगोळा न्हाय ह्यो, डाक्टरसाब," ती म्हणाली. "वायगोळा हाताखाली सरकतो. ह्यो जागचा हालत न्हाय."

चाळीस वर्षं पोटं चोळलेला हात बोलत होता. मी दीडशहाण्यानं पोटदुखीचं मिक्श्चर बाटलीत भरून तिला घरी पाठवलं.

तिसऱ्या दिवशी तिच्या शेजारणी मला बोलवायला आल्या. पोट लाकडासारखं झालं होतं. तहसीलची जीप मिळवून तिला सोलापूरला नेलं. वाटेत तिनं माझा हात ओढून त्या गोळ्यावर ठेवला आणि नुसतं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

सर्जननं पोट उघडलं. पित्ताशयाला आपल्याच देठाभोवती पीळ पडला होता, आणि ते जांभळासारखं काळं झालं होतं. असं क्वचितच होतं, ते म्हणाले, आणि झालंच तर अशा वाळलेल्या म्हाताऱ्या बायकांना. कावीळ नसते, बहुधा तापही नसतो. पहिल्याच दिवशी काढलं असतं तर वाचली असती, आता आशा कमी.

दुसऱ्या दिवशी ती गेली.

तिचा मुलगा तिथंच गिरणीत कामाला होता. काय झालं म्हणून त्यानं विचारलं. उशीर झाला, एवढंच मी म्हणालो.

"अम्मी लई सोसायची," तो म्हणाला. "कुनाला सांगायची न्हाय."

मी मान हलवली. ती पहिल्याच सकाळी माझ्या दारात आली होती, हे मी त्याला सांगितलं नाही. मला रडू फुटलं, तेव्हा त्यानंच माझ्या पाठीवरून हात फिरवला.