गेटवरच्या वहीतलं माझं नाव

लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं. बायका हसल्या, मीही हसले. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी भातात शिजले. नाव मात्र मला चिकटलं. तीन वर्षांत नवऱ्यानं दुसरीकडं घर मांडलं. तो सुटला. त्यानं दिलेलं नाव माझ्या कागदांवर तसंच राहिलं.

मी दौंडला, रेल्वे कॉलनीत, माहेरी परतले. आई आधीच गेलेली. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बॅग आत घेतली, पाणी दिलं आणि सासरच्या नावानं हाक मारली. मला वाटलं, चुकून. पण रोज तेच. शेवटी मी भांडले, तर म्हणाले, "लग्नात ठेवल्यालं नाव हाय ते. तिकडचीच हायस तू आता. आज ना उद्या जायचंच हाय तुला."

जन्मल्यावर त्यांनीच ठेवलेलं नाव त्यांच्याच तोंडून जावं, हे मला सहन झालं नाही. शिरूरला खोली घेतली आणि रांजणगावच्या एका कारखान्यात रिसेप्शनला लागले, कागदांवरच्या त्या नावानंच. रविवारी सबंध दिवसात कुणी मला कुठल्याच नावानं हाक मारायचं नाही. एकटेपणाची सवय होते म्हणतात. म्हणणाऱ्यांनी माझ्या खोलीत एक रविवार काढून बघावा.

तेव्हा मशीन बसवायला स्वीडनहून इंजिनियर आले होते. त्यांचे पास मी करायची. दोघांचं आडनाव एकच, शेवटी 'सन' असलेलं. मी म्हटलं, भावकीतले दिसतात, आणि गेस्ट हाउसला दोघांना एकाच खोलीत टाकलं. सकाळी दोघंही चेहरे पाडून माझ्यासमोर उभे! त्यांच्यातल्या साठीच्या इंजिनियर बाई पोट धरून हसल्या.

दुपारच्या चहाला त्यांनी समजावलं, नि मी मोडक्या इंग्रजीत विचारत गेले. 'सन' म्हणजे मुलगा. पूर्वी बापाच्या नावाला 'सन' जोडला की झालं. पुढच्या पिढीला नवा बाप, नवं नाव. नंतर कधीतरी ते आहे तिथंच थांबलं आणि कुणा खापरपणजोबाचं नाव सगळ्यांच्या माथी कायमचं बसलं. म्हणून गावोगाव एकच आडनाव, नात्याचा पत्ता नाही. फौजेत तर इतका घोळ व्हायचा, की शिपायांना 'शूर', 'ढाल' अशी नवी नावं द्यायचे. बाईंच्या आडनावात 'बर्ग' होता, म्हणजे डोंगर. एका तरुणाचं नाव 'स्टेन', म्हणजे दगड. मी म्हटलं, आमच्याकडंही मूल जगावं म्हणून दगडू नाव ठेवतात. बाईंनी ते वहीत टिपून घेतलं.

"आणि मुलींचं?" मी विचारलं.

"दॉत्तर, म्हणजे मुलगी. बापाच्या नावापुढं तेच."

"लग्नानंतर?"

"पूर्वी तेच राहायचं. मरेपर्यंत ती त्या बापाची मुलगी."

मी कप घेऊन उठले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्या आठवड्यात आप्पांना पत्र लिहिलं. दोनच ओळी. 'माझं नाव घेणारं तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही. ते तुम्ही तरी घ्या.' खाली जुन्या नावानं सही केली आणि कारखान्याचा पत्ता घातला.

उत्तर आलं नाही. पोस्टमन दिसला की मी उगाच दारात यायची. महिना उलटला, तशी यायची थांबले.

महिनाअखेर पास जुळवायला गेटवरची वही माझ्याकडं यायची. पानं उलटताना आप्पांचं अक्षर दिसलं. 'कुणाला भेटायचे' या रकान्यात माझं जुनं नाव. 'नाते' या रकान्यात, मुलगी. तारीख एकोणीस दिवसांपूर्वीची.

वही घेऊन मी गेटवर धावले. वॉचमनमामांनी पान बघितलं. "व्हय मॅडम, आले व्हते एक आप्पा. हातात डबा व्हता. लिहून घेतलं, मंग यादी बघितली, तर त्या नावाचं हितं कुणीच न्हाई. तीनदा इचारलं, दुसरं काय नाव हाय का म्हनून. न्हाई म्हनले. लई येळ उभे व्हते उन्हात. मंग गेले."

एकोणीस दिवस. त्यांना काय वाटलं असेल? पोरीनं खोटा पत्ता दिला? की गेटवर सांगून ठेवलं, आत सोडू नका म्हणून?

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दौंडची एसटी धरली. खिडकीशी बसले, तरी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा डोक्यात येत होती. सासरचं नाव त्यांना तोंडपाठ होतं. तेवढं सांगितलं असतं तर मामांनी फोन केला असता, मी धावत आले असते. तीनदा विचारूनही आप्पांनी ते सांगितलं नाही.