रिकामी गाडी जास्त उडते

आमचे हे काचवाले. खिडक्यांना काचा बसवतात, आरसे लावतात, दुकानांची मोठी तावदानं बदलतात. उंची बेताचीच, घरात वरच्या फळीवरचा डबा आजही मीच काढून देते. अशा या माणसाने तीन वर्षांपूर्वी आपली पिकअप चांगली सहा बोटं उंच करून घेतली.

कारण विचारलं तर तयार होतं. टेकडीवर नवी घरं होत होती, तिकडचा रस्ता म्हणजे नुसते दगड, गाडीचं पोट घासायचं. कारण खोटं नव्हतं. पण गॅरेजातून गाडी आणली आणि खिडकीतून खाली बघत ज्या थाटात मला हाक मारली ना, त्यावरून मला काय कळायचं ते कळलं. लेक म्हणाली, "बाबा, आता उतरायला शिडी आणा." लागली खरंच, पण मला. लाकडी स्टुलावर पाय देऊन, दाराला लोंबकळून मी आत चढायची.

मी चढायची कारण आमचं काम दोघांचं. मोठ्या काचा मागे घोडीवर, म्हणजे तिरक्या लाकडी चौकटीवर, उभ्या बांधलेल्या असत, आणि त्यांच्यावर कान माझा. दोरी सैल झाली की काच आधी किणकिणते. यांना ते कधी ऐकू येत नाही. मी "थांबा" म्हटलं की हे थांबत आणि दोरी आवळत. आरसे आणि लहान काचा मात्र मागे टाकायच्याच नाहीत, हा आमचा नियम. त्या चादरीत गुंडाळून माझ्या मांडीवर, दोन्ही हातांनी कवटाळलेल्या. एकोणीस वर्षं असं चाललं. आमची भांडणं, समेट, लेकीच्या शाळेच्या काळज्या, सगळं त्या दोन सीटवर झालं. घरात आम्ही फारसं बोलतच नाही.

गाडी उंच करताना गॅरेजवाल्याने मागच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घातले आणि वर दोन जाडजूड पाटे वाढवले. पाटे म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या त्या वाकड्या पोलादी पट्ट्या. त्या लवल्या तर धक्का गिळतात. आमच्या लवायच्याच नाहीत. खड्डा आला की मागची बाजू धाडकन उडायची. मी ओरडले की उत्तर ठरलेलं, "अगं, कडक आहे म्हणजे मजबूत आहे." पहिल्याच महिन्यात तीन काचा गेल्या. एक म्हणे दोरीमुळे, एक रस्त्यामुळे आणि एक मला किणकिण उशिरा ऐकू आली म्हणून. गाडीचा दोष? छे! पडलो तरी नाक वर.

मग तो दिवस आला. टेकडीवर काचा उतरवल्या आणि मापात चुकलेला एक आरसा परत आणायचा होता. गाडी रिकामी, आरसा माझ्या मांडीवर. उतारावर पाण्याने पाडलेला एक चर आडवा गेला होता. यांना तो दिसला, यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. मला दिसला नाही, माझ्यासमोर आरसा होता. मी सीटवरून उडाले आणि खाली आपटले, ती मग स्वतःहून उठलेच नाही. आरशाला ओरखडासुद्धा नव्हता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मणक्यातली चकती सरकलीय, तीन महिने पडून राहा. "आणि त्या गाडीत पुन्हा बसायचं नाही." यांनी मान डोलावली, मीही डोलावली, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून रडले. पाठीसाठी नाही. दुखणं आज आहे, उद्या जाईल. पण ती सीट गेली तर मी कोण? घरात बसून नवऱ्याची वाट बघणारी बाई मी कधी नव्हतेच. मला माझी जागा परत हवी होती. आणि ती घालवणारा माणूस रोज संध्याकाळी चहा करून आणायचा आणि म्हणायचा, "आज छान झालं काम." बोटाला नवी पट्टी दिसायची. विचारलं तर, "काही नाही, खरचटलंय."

दुसऱ्या महिन्यात हे मला न सांगता पाटेवाल्या काकांकडे गेले. काका सत्तरीचे, भट्टी लावून पाटे वाकवतात, तोंडाने फटकळ. तिथे काय झालं ते काकांनीच मला नंतर सांगितलं. गाडीखाली डोकावून काका म्हणाले, "कोणी केलं हे? तुमच्यावर सूड उगवला की काय?" गाडी उंच केली, पण शॉकॲब्सॉर्बर जुनेच ठेवलेले. ते आखूड पडून पार ताणले गेले होते, चाक जरा खाली गेलं की हिसका द्यायचे.

"काका, मला तर एवढं काही जाणवत नाही," हे म्हणाले.

"बायको कुठे बसते?"

"शेजारी."

"मग तिथे बसा. गाडी मी चालवतो. ती मांडीवर काय घेऊन बसते म्हणालात?"

काकांनी घरातला आरसा काढून यांच्या मांडीवर दिला आणि रिकामी गाडी टेकडीच्या रस्त्याला घातली. परत आल्यावर म्हणे हे पाच मिनिटं खाली उतरलेच नाहीत.

त्या संध्याकाळी माझ्या खाटेच्या कडेला येऊन बसले. "तू कशाला धरून बसायचीस गं?"

"कशाला धरणार? दोन्ही हात आरशाला."

एवढंच बोलणं झालं. मग उठले आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागले. चुकलं म्हणणं या माणसाच्या रक्तातच नाही, हे मला ठाऊक होतं. तरी वाट पाहिली, खोटं कशाला बोलू?

काकांनी ठोकळे काढले, जादाचे पाटे काढले. लांब आणि पातळ पाट्यांची नवी जोडी जास्त बाक देऊन बसवली, मापाचे लांब शॉकॲब्सॉर्बर घातले. उंची जेमतेम दोन बोटं कमी झाली. चौथ्या महिन्यात डॉक्टरीणबाईंच्या मी इतकी मागे लागले की त्या वैतागल्या. "कमरेला पट्टा बांधून एकदा बसून बघा. दुखलं, तर पुन्हा हा विषय माझ्यापाशी काढायचा नाही."

जाताना मागे काचांचं ओझं होतं. काय सांगू, गाडी लोण्यासारखी गेली! मी अखंड बडबडत होते. येताना गाडी रिकामी. पहिल्याच खड्ड्याला मागची बाजू टुणकन उडाली. पूर्वीइतकी नाही, पण उडाली. दुसऱ्या खड्ड्याला कमरेत कळ आली. मी ओठ मिटून घेतले. बोलले असते तर सीट गेली असती.

यांनी गाडी बाजूला घेतली. "दुखतंय तुला."

"नाही हो."

"एकोणीस वर्षांत एक खड्डा तू शिव्या घातल्याशिवाय सोडला नाहीस. आत्ता तीन गेले."

सापडले! मग तिथेच जुंपली. हे म्हणत, गाडी होती तशी खाली करतो, टेकडीचं काम गेलं उडत. मी म्हणत होते, सगळं काम टेकडीवरच आहे, ते सोडून खाणार काय, काचा? शेवटी मुंगीच्या पावलांनी निघालो ते थेट काकांच्या भट्टीवर.

काकांनी कपाळाला हात लावला. "अहो, अर्धा टन काच पेलणारे पाटे ते! रिकाम्या गाडीत कसे लवतील? येताना मागे वजन टाका काहीतरी." त्यांच्याच अंगणातली आठ पोती भंगार टाकून एक फेरी मारली. पाटे लवले. कंबर गप्प राहिली.

तेव्हापासून येताना बांधकामावरचा राडारोडा पोत्यांत भरून आणायचा आणि टेकडीखाली भराव टाकतात त्या खड्ड्यात ओतायचा, असं ठरलं. पहिल्याच दिवशी टेकडीवरच्या घरमालकाने हटकलं. काचा बसवून झाल्या होत्या. हे घामाघूम होऊन विटांचे तुकडे भरत होते, मी पट्टा बांधून सीटवर बसले होते. गवंडी, रंगारी, सगळे हात थांबवून बघत होते.

"काय काचवाले, धंदा बदललात की काय? आता कचरा वाहता?"

सगळे खो खो हसले. मला वाटलं, आता हे एखादी थाप ठोकून देणार. यांना चारचौघांत कमीपणा घेतलेला मी कधी पाहिला नव्हता.

यांनी फावडं टेकवलं. "मागे वजन नसलं की गाडी उडते," म्हणाले. "माझ्या हौसेपायी हिची पाठ गेली. चूक माझी होती." आणि पुढचं पोतं उघडलं.

चार महिने मी ज्या शब्दांची वाट पाहिली, ते माझ्यापाशी नाही, दहा-पंधरा परक्यांपुढे निघाले. आधी मेला रागच आला, मग डोळे भरून आले. घरमालकाने स्वतः वाकून एका पोत्याला हात लावला. आठवं पोतं चढवून हे आत येऊन बसले आणि माझ्याकडे न बघता गाडी सुरू करून अगदी हळू, भीतभीत काढायला लागले.

मी म्हटलं, "अहो, नेहमीसारखी चालवा."