बिब्बा लावला, एवढंच सांगायचं होतं

“सेल्युलायटिस आहे,” गोंदियाच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. म्हणजे कातडीखाली पसरलेला जंतुसंसर्ग. सासूबाईंचा उजवा पाय घोट्यापर्यंत सुजला होता, वर पाण्याने भरलेले फोड. त्यात त्यांना साखरेचा आजार. “पायाला काही लावलं होतं का?” डॉक्टरांनी विचारलं.

मी “नाही” म्हणाले. धडधडीत खोटं!

मी अंगणवाडी सेविका. आमगावजवळच्या आमच्या गावात बायांना सतत बजावते, घरचे उपाय करत बसू नका. आणि चार दिवसांपूर्वी मीच त्यांच्या टाचेला बिब्बा लावला होता. धानाच्या रोवणीच्या चिखलाने टाचा भेगाळल्या की आमच्याकडे लावतातच. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, सुटलेलं तेल भेगेत थेंबभर सोडायचं. तो अंगावर उततो, फोड आणतो हे पोरासोरांनाही ठाऊक. वैद्यसुद्धा आधी विटेच्या चुऱ्यात घोळून त्याचं विष कमी करतात. मी डब्यातला तसाच उचलला आणि घाईत अख्खी टाच माखली.

दोन दिवस अँटिबायोटिकच्या सलाईन चालल्या. सूज नडगीकडे चढतच होती. मला पाच मिनिटं एका जागी बसवेना. व्हरांड्यात येरझारा, पुन्हा खाटेशी, पुन्हा बाहेर. नवऱ्यालाही फोनवर काही बोलले नाही. सासूबाई खाजेने तळमळत होत्या, पण डॉक्टरांनी विचारलं की नुसत्या माझ्या तोंडाकडे बघायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, “उद्यापर्यंत उतरलं नाही तर चिरा द्यावा लागेल. शुगर आहे, पायाची गॅरंटी नाही.”

ते दाराबाहेर गेले तशा सासूबाई म्हणाल्या, “सांगून दे ना वो. काऊन भेऊन राहिली? पाय तं माहा आहे.”

मी डॉक्टरांच्या मागे धावले आणि सगळं सांगितलं.

“दीदी, हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं ना!” सगळ्यांदेखत झाडलं त्यांनी. निदान बदललं, कॉन्टॅक्ट डर्मटायटिस, म्हणजे अंगाला लागलेल्या वस्तूने कातडी पोळून येणारी सूज. औषधंही बदलली. दोन दिवसांत खाज उतरली, फोड सुकायला तीन आठवडे गेले. पाय वाचला.

तुमच्याही घरी कोणीतरी काहीतरी लावेलच. माझं ऐकून तुम्ही थांबाल असं मला वाटत नाही. पण डॉक्टरांनी विचारलं तर लाज गुंडाळून ठेवा आणि सांगा.

गावात कोणी विचारलं की सासूबाई अजून म्हणतात, “धानाच्या बांधीत काहीतरी चावलं.” मग मीच पुढे होऊन सांगते, चावलं नाही, मी लावलं.