शेततळ्यातली गुहा

नातवंडांनो, परदेशात बसून तुम्हाला वाटतं की आपल्याकडे काही मिळत नाही. आपल्याकडे सगळं मिळतं. श्रीगोंद्याहून काष्टीकडे जाताना, दोन्ही अंगांनी ऊस उभा असलेल्या रस्त्याला लागून, गेल्या हिवाळ्यात केव्ह डायव्हिंगचं प्रशिक्षणसुद्धा मिळत होतं. गुहा तेवढी नव्हती.

धाकटीला यातलं काही माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. थोरला सुट्टीला आला तो डोक्यात मेक्सिको घेऊनच. तिथे जमिनीखाली पाण्याने भरलेल्या गुहा आहेत आणि त्याच्या मित्रांनी त्यांत उतरायचा बेत केला होता. समुद्रात डायव्हिंग त्याला येतं, पण गुहेसाठी शिक्षण वेगळं आणि पास झाल्याचं कार्डही वेगळं. ते कार्ड त्याला सुट्टी संपायच्या आत हवं होतं. नेमका माझा पुतण्या मदतीला धावला. त्याचं शेततळं आहे, आणि कांद्यापेक्षा पाहुण्यांत जास्त पैसा आहे असा शोध लागल्यापासून त्या तळ्याला तो पर्यटन केंद्र म्हणतो.

"काकू, शहरातनं एक सर येनार हाईत. लई भारी मानूस! दोन दिवसांत कार्ड हातात."

"आणि गुहा?"

"बनिवली की!"

बनवली होती. रस्त्याच्या पुलाखाली घालतात तसले सिमेंटचे नळे जेसीबीने तळ्यात सोडले होते. सोडताना तळाला अंथरलेला प्लास्टिकचा कागद फाटला होता आणि पाणी हळूहळू जमिनीत मुरत होतं. मेक्सिकोत असं होत नसावं.

मी आयुष्यभर गणित शिकवलं. न समजलेल्या गोष्टीवर मी बोलत नाही, म्हणून जाण्याआधी मी टॅबवर सगळं वाचून काढलं. समुद्रात घाबरलात तर वर येता येतं. गुहेत डोक्यावर दगड असतो. जिथून शिरलात तिथूनच बाहेर यायचं. पायाने गाळ उठला की स्वतःचा हात दिसत नाही, म्हणून गुहेच्या तोंडापासून दोरी बांधत आत जातात आणि ती धरून परततात. हवेचा एक भाग जायला, एक यायला आणि एक अडचणीसाठी राखून. हे सातवीतल्या मुलालाही कळेल.

सरांना ते कळायला सवडच नव्हती. त्यांचा सत्कार चालू होता. शाल झाली, नारळ झाला, फेटा झाला. सरपंच बोलले, माजी सरपंच त्यांच्याहून जास्त बोलले. फ्लेक्सवर सर शार्क माशाशेजारी उभे होते. शार्कच्या चेहऱ्यावर मात्र सरांशी ओळख असल्याचं दिसत नव्हतं. थोरला पाठीवर टाकी बांधून उन्हात ताटकळत होता, आणि हसत होता. त्या हसण्याचीच मला भीती वाटली. त्याचा विश्वास बसला होता.

भाषणं आटोपल्यावर मी सरांना विचारलं, "दोरी कुठे आहे?"

"आजी, आपण आधी भीती काढतो. दोरी नंतर."

"आजवर किती जणांना नापास केलंत?"

"एकालाही नाही!" सरांनी फेटा सावरला. "शंभर टक्के निकाल."

शंभर टक्के निकालाच्या शाळा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तिथे परीक्षेच्या दिवशी खिडक्यांना फार गर्दी असते.

"आजी, पुरे ना," थोरला मला कडेला घेऊन म्हणाला. "तू प्रत्येकात खोट काढतेस. मला फक्त कार्ड हवंय. बाकीचं मी तिथे शिकेन."

"तिथे कोणाकडून? दगडाकडून?"

 तो पाण्याकडे निघाला. ओरडून उपयोग नव्हता. त्याच्या बापाला ओरडून मी काय मिळवलं ते मला माहीत आहे. मी सरांकडे वळले आणि त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "तुम्ही याच्या पुढे जाणार की मागे?"

"मी काठावरून गाइड करतो. व्हिडिओ पण घ्यायचाय ना."

"आत याची बॅटरी गेली तर याच्यापर्यंत कसे पोहोचणार?"

"आजी, निगेटिव्ह नाही बोलायचं." मग लोकांकडे वळून, "जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

टाळ्या झाल्या. थोरला कमरेएवढ्या पाण्यात थांबला. त्याने काठावरच्या सरांकडे पाहिलं. सरांचे कपडे कोरडे होते, पायांत बूट होते, हातात मोबाईल. मग तो मागे फिरला आणि पट्टे सोडू लागला.

"आरं, काय झालं?" पुतण्या ओरडला. "काकू, तुमी पोराला भ्या घातलं!"

"सरांना जाऊ दे ना आत," मी म्हणाले. "त्यांची भीती तर केव्हाच निघालीय."

सरांना अचानक पुण्याला तातडीचं काम निघालं.

 परदेशी परत गेल्यावर थोरल्याने स्वतःच गुहेतलं डायव्हिंग शिकवणारी एक शिक्षिका शोधली. मी तिला पाहिलेलं नाही, पण ती मला पसंत आहे, कारण पहिल्याच भेटीत तिने त्याला नाकारलं. तिने विचारलं होतं, उतरल्यावर अर्ध्यातून परत कधी फिरलायस? याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. असेल तेव्हा ये, म्हणाली. मित्र मेक्सिकोच्या गुहांत गेले. हा त्यांच्यासोबत जाऊन बाहेरच्या उघड्या पाण्यात पोहत बसला. त्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. आजीच्या पदराला धरून आलाय, म्हणे. त्यांच्या आज्यांना नातू गुहेत शिरल्याचं ठाऊक आहे का, मला शंका आहे.

परवा त्याचा फोन आला. समुद्रात खाली डोळ्यांवरच्या मास्कमध्ये पाणी शिरायला लागलं, सोबतचे पुढे जात होते, आणि हा खूण करून वर आला. बाईंना सांगितलं. त्यांनी पुढच्या महिन्यापासून शिकायला बोलावलंय.

"आजी, मी परत फिरलो!" असा आवाज, जणू शिखरच गाठलं.

"बरं केलंस," मी म्हणाले. "जेवलास का?"