काचेवर नाव घालता येत नाही

आमच्या घराण्याला इतिहास नव्हता. माणसं होती, जमीन होती, भांडणं तर पोत्यानं होती, पण इतिहास म्हणतात तसलं काही नव्हतं. तो गेल्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर तयार झाला. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या चुलत भावानं एका दुपारी घराण्याच्या ग्रुपवर काचेच्या झाकणाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'व्हिंटेज! हे आपल्याकडे कुठून आलं, कुणाला माहिती आहे का?' कुणालाच माहिती नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी उत्तरं दिली. संध्याकाळपर्यंत ते झाकण निजामानं आमच्या पणजोबांना दिलेल्या नजराण्यातलं ठरलं होतं. पणजोबा निजामाला भेटल्याचा एकच पुरावा आमच्याकडे आहे, तो म्हणजे दोघंही एकाच काळात जिवंत होते.

झाकण त्याच्या वडिलांकडे, म्हणजे माझ्या धाकट्या काकांकडे होतं. ते सरबताच्या ज्या जगाचं, तो जग लातूरला माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या घरी. असं का, हे समजायला आमची वाटणी समजली पाहिजे. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावी तीन भाऊ वेगळे झाले तेव्हा मी लहान होते. थोरले काका, मधले अण्णा आणि धाकटे काका. पंच ओसरीवर बसले आणि 'कुणावर अन्याय नको' एवढा एकच धोशा लावून त्यांनी घराचे तुकडे पाडले. झोपाळ्याची फळी आम्हाला आली, कड्या धाकट्या काकांना. आजही आमची फळी माळ्यावर आहे आणि त्यांच्या कड्या त्यांच्या माळ्यावर. झोका कुणीच घेतला नाही, पण अन्यायही झाला नाही.

शेवटी सरबताचा काचेचा सेट निघाला. सहा ग्लास, जग, जगाचं झाकण आणि खाली ठेवायचं काचेचं तबक. प्रत्येकाला दोन ग्लास, हे पंचांना लगेच जमलं. उरलेल्या तीन वस्तूंवर त्यांनी एक पान खाण्याइतका विचार केला. जग मधल्याला, झाकण धाकट्याला, तबक थोरल्याला. मग सगळ्यांनी एकमेकांकडे समाधानानं पाहिलं. त्या दिवसापासून आमच्या घराण्यात सरबत स्टीलच्या पेल्यातून प्यायलं जातं.

लातूरच्या घरी जग शोकेसमध्ये होता. फिक्कट हिरवा, पोट जरा एका बाजूला कललेलं, आणि काचेच्या आत बारीक बुडबुडे अडकलेले. लहानपणी मी ते बोटानं काढायचा प्रयत्न करायची. आईनं त्यात प्लॅस्टिकचा गुलाब खोचला होता. ग्लास मात्र जाड, ठोकळ्यासारखे, अंगावर द्राक्षांचे घोस उठलेले. दोनच असल्यामुळे ते कधी बाहेर निघाले नाहीत, कारण आमच्याकडे पाहुणा एकटा कधी येतच नाही.

अण्णांची पंच्याहत्तरी लातूरला करायची ठरली तेव्हा पुण्याच्या भावानं ग्रुपवर घोषणा केली की या निमित्तानं 'वारसा' पुन्हा एकत्र आणायचा. हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. मी नांदेडला शाळेत शिकवते. अहमदपूर वाटेतच लागतं, म्हणून तिथं एकट्या राहणाऱ्या थोरल्या काकूला तिच्या वाट्याच्या काचेसह घेऊन येण्याचं काम माझ्याकडे आलं. थोरले काका जाऊन काही वर्षं झाली होती.

काकू अहमदपूरच्या स्टँडवर एसटीत चढली ती पिशवी पोटाशी धरून. आत जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळलेलं तबक आणि दोन ग्लास. कंडक्टर म्हणाला, पिशवी वर टाका. तिनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो तिकीट द्यायचं विसरून पुढं गेला.

मी चेष्टेनं म्हणाले, "काकू, सांभाळून हं. निजामाचा नजराणा आहे."

"कुठला निजाम?" काकू म्हणाली. "माझ्या बापानं दिलेलं हाय हे. माझ्या लग्नात."

मला वाटलं तिला कळलं नाही. पण कळलं नव्हतं ते मलाच. तिचे वडील कापसाच्या गाड्यांबरोबर हैदराबादला जायचे. तिथल्या जुन्या बाजारातून त्यांनी हा सेट आणला होता. लेकीच्या रुखवतात पितळ, तांबं सगळं होतं, पण वऱ्हाडी बघायला जमले ते काचेपाशी.

"मग वाटणीत हे सगळ्यांचं कसं झालं?"

"नाव नव्हतं ना," ती म्हणाली.

आमच्याकडे लग्नातल्या प्रत्येक भांड्यावर नाव घालतात. हंड्यावर, परातीवर, चमच्यावरसुद्धा. नाव घालणारा छिन्नी-हातोडी घेऊन बसतो आणि बापाचं नाव, मुलीचं नाव, गाव, सगळं टकटक कोरतो. वाटणीच्या दिवशी पंचांनी भांडी अशीच नावं वाचून वेगळी केली होती. पण काचेवर छिन्नी लावायला तो कारागीर तयार झाला नव्हता. त्यामुळे तिच्या पितळी पळ्यासुद्धा तिच्याच राहिल्या आणि तिच्या बापाची हौस तीन घरांत वाटली गेली.

"तू बोलली का नाहीस?" मी चिडून विचारलं. मला राग लवकर येतो, आणि तो बहुतेक वेळा बिनकामाचा असतो.

"आम्ही बाया चुलीपाशी. अन् तुझे काका थोरले. थोरल्यानं काय ग्लासासाठी तोंड उघडायचं?" तिनं पिशवी पोटाशी नीट धरली. मग म्हणाली, "अक्काला द्यायचंय बघ हे. तिच्या घरी एकदा सगळं एका जागी बसलेलं बघितलं की झालं."

अक्का म्हणजे तिची एकुलती एक लेक, जळकोटला दिलेली. "मग आज माग," मी म्हणाले.

"मागणार न्हाई. बघते," काकू म्हणाली.

लातूरला पंच्याहत्तरीचं औक्षण उरकलं आणि सगळे जेवणाच्या टेबलाभोवती जमले. मधोमध तबक, त्यावर जग, जगावर झाकण, भोवती सहा ग्लास. वाटणीनंतर पहिल्यांदाच ते एकत्र आले होते. खरं सांगायचं तर मला भरून आलं. अक्का दाराशी उभी होती आणि काकू तिच्याकडे न बघता नुसती काचेकडे बघत होती.

पुण्याच्या भावानं मोबाइलचा दिवा लावला आणि भिंग काढलं. ग्लासांच्या अंगावर बारीक सांधा आहे, म्हणजे ते साच्यात दाबून काढलेले, असं त्यानं सांगितलं. सगळ्यांचे चेहरे पडले, कारण निजामानं साच्यातला माल द्यावा हे कुणाला पटेना. मग त्यानं जग उलटा करून बुडाचा खरबरीत वण दाखवला. "हा मात्र अस्सल. नळीला तापलेली काच लावून कारागिरानं तोंडानं फुंकून फुगवलेला आहे."

"तोंडानं?" धाकटे काका खुर्चीतून उठले. "म्हणजे उष्टा?"

याच जगात गावी चैत्रात गौरीपुढं पन्हं ठेवायचे. धाकट्या काकांनी हिशेब केला की त्यांच्या लहानपणापासून देवी कुणा परक्या माणसाचं उष्टं पीत आली आहे. कुणी म्हणालं, आगीतून निघालेलं शुद्ध असतं. कुणी म्हणालं, गोमूत्र शिंपडा. धाकट्या काकूंनी विचारलं की फुंकणारा कोण होता, ते कळेल का. भावानं भिंग खिशात ठेवलं. पुण्यात राहून त्याची सहनशक्ती कमी झाली आहे.

शेवटी निर्णय झाला की ऐतिहासिक वस्तूला विटाळ नसतो. मग पुढचा प्रश्न, सेट राहणार कुठं? धाकट्या काकांनी सुचवलं की वर्षभर एका घरी, पुढच्या वर्षी दुसऱ्या. विहिरीच्या पाण्याची पाळी असते तशी. भाऊ म्हणाला, दिवे लावलेली काचेची पेटी करू. "आणि आता लेझरनं काचेवरपण नाव घालता येतं. पणजोबांचं घालू." त्यावर सगळ्यांना उत्साह आला. नावाच्या आधी 'श्रीमंत' लावायचं की 'सरदार' यावर दोन तट पडले. आमचे पणजोबा बैलांचे व्यापारी होते.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "सेट काकूचा आहे. तिच्या वडिलांनी लग्नात दिलेला."

सगळे माझ्याकडे बघू लागले. लग्न होऊन नांदेडला गेलेल्या मुलीनं घराण्याच्या इतिहासात बोलावं, हे कुणाला आवडलं नाही.

"काकूच्या भांड्यांवर नाव होतं," धाकटे काका म्हणाले. "पंचांनी वाचून दिलंय सगळं. याच्यावर नाव दाखव."

मग काकू बोलली. आवाज चढवला नाही. "नाव घालायलात न्हवं? मग घाला की. माझ्या बापाचं घाला."

भाऊ मोबाइलमध्ये बघू लागला. आई स्वयंपाकघरात गेली, कारण आमच्याकडे अवघड वेळी बायकांना स्वयंपाकघर असतं. अण्णा आतापर्यंत गळ्यातला हार सांभाळत गप्प बसले होते. त्यांनी हार काढून ठेवला आणि जगाला हात लावला.

"वैनी, हा मी मांडीवर घेऊन आलोय," ते म्हणाले. "तुमच्या लग्नात. वऱ्हाडाच्या गाडीत. थोरल्यानं सांगितलं होतं, फुटला तर घरात पाय ठेवू नको. गाडी लई हिसके देत होती. सगळा रस्ता दोन्ही हातांनी धरून बसलो होतो मी."

मी माझ्या बापाकडे बघत राहिले. एवढी वर्षं ज्याच्यात प्लॅस्टिकचा गुलाब होता, तो जग कुणाचा हे त्यांना माहीत होतं. ग्रुपवर निजामाच्या नजराण्याला त्यांनीही हात जोडले होते. मला त्यांची लाज वाटली आणि त्यांच्या पंच्याहत्तरीच्या दिवशी ती वाटली याचं वाईटही वाटलं.

"मग वाटणीच्या दिवशी बोलला का नाहीस?" धाकट्या काकांनी विचारलं.

"नाव नव्हतं ना त्याच्यावर," अण्णा म्हणाले. बोलून झाल्यावर ते स्वतःच ओशाळले. मग त्यांनी जग काकूपुढं सरकवला. "घेऊन जावा, वैनी. सगळं घेऊन जावा."

काकूनं अक्काला हाक मारली आणि पिशवीतून लुगड्याचे तुकडे काढले. जग उचलताना ती अण्णांना म्हणाली, "वाटणीच्या दिशी तुमचे थोरले भाऊ आत आले हुते, भावजी. मला म्हणले, तू बोलू नको, मधल्याला ठावं हाय, तो बोलंल. जाईस्तोवर तसंच म्हणायचे. मधला बोलंल."

अण्णांनी मान वर केली नाही. काकूनं जग लुगड्यात गुंडाळला आणि अक्काच्या हातात दिला.